कोर्स कुणासाठी, काम कुणाकडे?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलूया कारखाना बंद पडल्यावर कामगारांना नवं काम शिकवण्याविषयी.

१९ सप्टेंबर १९७७, सोमवार. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं यंग्जटाउन हे पोलादाचं शहर. त्या दिवशी तिथल्या एका बड्या पोलाद कंपनीने आपला कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि सुमारे ५ हजार माणसांच्या नोकऱ्या गेल्या. तिथले लोक त्या दिवसाला ‘काळा सोमवार’ म्हणतात. १९३० साली या शहराची वस्ती १ लाख ७० हजारांच्या घरात होती. २०२० च्या जनगणनेत ती ६० हजारांवर आली.

असा कारखाना बंद पडला की शहरातून आधी कोण जातं? ज्यांच्या हातात कसब आहे आणि ज्यांना दुसरीकडे लगेच कामावर घेतील, ते. मागे राहतात ते पन्नाशी ओलांडलेले, घराचे हप्ते फेडणारे, म्हाताऱ्या आईवडिलांना सोडून जाता न येणारे. घरांचे भाव पडलेले असतात, त्यामुळे घर विकून निघावं म्हटलं तरी जमत नाही. पालिकेचं उत्पन्न घटतं, मग शाळा, रस्ते, बसगाड्या यांची आबाळ होते. अशा वेळी एखादा नवा कारखानदार जागा पाहायला आला, तर जमीन त्याला स्वस्तात मिळते. पण तो विचारतो, “काम येणारी माणसं आहेत का इथे?” आणि नेमकी तीच तर निघून गेलेली असतात.

यावर एक उत्तर हमखास दिलं जातं : लोकांना नवी कौशल्यं शिकवा. ऐकायला रास्त वाटतं, आणि त्यात खोटं काही नाही. पण अर्धवट आहे. अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यातल्या जेन्सव्हिलचं उदाहरण घ्या. तिथला मोटारींचा मोठा कारखाना २३ डिसेंबर २००८ रोजी बंद झाला. नोकरी गेलेली माणसं मोठ्या संख्येने जवळच्या तांत्रिक महाविद्यालयात दाखल झाली. संगणक सुरू कसा करायचा इथपासून काहींना शिकावं लागलं, आणि ते शिकले. नेटाने शिकले. पुढे त्यांच्या कमाईचा हिशेब मांडला गेला, तेव्हा काय दिसलं? शिकायला गेलेल्यांची कमाई, न गेलेल्यांपेक्षा सरासरीने कमी होती. मला यात त्या माणसांचा दोष अजिबात दिसत नाही. मंदीच्या त्या काळात आसपास ज्या थोड्याफार जागा होत्या, त्या वर्गात न बसलेल्यांनी आधी पटकावल्या असणार. दोन वर्षांनी सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडलेल्यांसाठी नव्या जागा तयार झालेल्याच नव्हत्या. भरती कोण करणार हे न विचारता कोर्स काढला, तर माणसाची उमेदीची दोन वर्षं जातात आणि वर ‘शिकूनही काही झालं नाही’ हा सल उरतो.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. बेकार झालेल्या कामगाराला आपण कोरी पाटी समजतो. जरा लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, काम केलेला कारागीर, टर्नर, डोळ्यांसमोर आणा. पोलादाचा तुकडा फिरतोय, हत्यार त्याला लागलंय, किस निघतोय. किसाचा रंग सोनेरीवरून निळ्याकडे झुकला की त्याला कळतं, उष्णता वाढली. आता वेग कमी करायचा की हत्यार बदलायचं, हे तो ठरवतो. आवाज बदलला की जॉब, म्हणजे कापला जाणारा तो तुकडा, थरथरतोय हे त्याला मायक्रोमीटर हे मोजायचं साधन हातात घेण्याआधी समजतं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक सांभाळत त्याने वर्षानुवर्षं काम केलेलं असतं. हे ज्ञान कुठल्याही सहा आठवड्यांच्या बॅचमध्ये देता येत नाही. पण त्याच्याकडे या ज्ञानाचा कागद नाही! कंपनीच्या दाराबाहेर पडला की अर्जावर तो फक्त ‘शालेय शिक्षण अमुक इयत्ता’ एवढाच उरतो.

हा कागद देता येतो. फ्रान्सने २००२ साली कायदाच केला : कामाच्या अनुभवातून जे शिकलात, ते परीक्षक मंडळापुढे मांडा, सिद्ध करा, आणि रीतसर पदविका घ्या. पुन्हा पहिल्या बाकावर जाऊन बसायची गरज नाही. अडचणीतल्या शहराने नवे वर्ग उघडण्याआधी हे काम करावं. कोणाला काय येतं, याची घरोघर जाऊन नोंद करावी. यंत्रं विकण्याआधी यादी करतातच ना? मग माणसांच्या कसबाची यादी का नको?

डेन्मार्कमधल्या ओडेन्सची हकिकत या बाबतीत मला फार मोलाची वाटते. ओडेन्सजवळ लिंडो नावाची मोठी जहाजगोदी होती. २००६ साली त्या काळातलं जगातलं सर्वांत मोठं कंटेनर जहाज तिथेच बांधलं गेलं, लांबी जवळपास ४०० मीटर. आशियातल्या गोद्यांपुढे टिकाव लागेना, म्हणून २००९ मध्ये ती बंद करायचं जाहीर झालं आणि २०१२ मध्ये शेवटचं जहाज बाहेर पडलं. पण त्या गोदीत जोडकामासाठी, म्हणजे वेल्डिंगसाठी, आधीपासून रोबोट वापरत होते. मोटारीच्या कारखान्यात रोबोटला एकच हालचाल हजारदा करायची असते. जहाजाच्या सांगाड्यात मात्र पुढचा भाग मागच्यासारखा क्वचितच असतो, त्यामुळे रोबोटला प्रत्येक वेळी नवं काम सांगावं लागतं. या अडचणीवर गोदीतल्या आणि तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी मिळून काम केलं. गोदीच्या मालक कंपनीशी जोडलेल्या देणगीतून नव्वदच्या दशकात विद्यापीठात संशोधन संस्थाही उभी राहिली. त्याच विद्यापीठातल्या तरुण संशोधकांनी २००५ मध्ये एक छोटी कंपनी काढली. माणसाच्या शेजारी उभा राहून काम करणारा हलका यांत्रिक हात त्यांनी बनवला. २०१५ मध्ये ती कंपनी एका अमेरिकन उद्योगाने २८.५ कोटी डॉलरला विकत घेतली. आज ओडेन्सच्या परिसरात रोबोट उद्योगातल्या शंभराहून जास्त कंपन्या आहेत. गोदीतले सगळे कामगार तिकडे लागले असं मी म्हणणार नाही. ते खरं नाही. पण शहराला जे आधीपासून येत होतं, त्यातूनच नवा धंदा उगवला.

आणि शिकायच्या काळात घर कसं चालायचं? हा प्रश्न योजनेच्या कागदावर शेवटच्या ओळीत येतो, घरात मात्र पहिला असतो. जर्मनीत शिकाऊ उमेदवार आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत असतो, आणि त्याला पहिल्या महिन्यापासून भत्ता मिळतो. काय शिकवायचं हे मालक, कामगार संघटना आणि सरकार मिळून ठरवतात. मंदीत तिथे माणसं काढण्याऐवजी कामाचे तास कमी करतात, बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, आणि मुलंबाळं असतील तर ६७ टक्के, सरकारी यंत्रणा भरून देते. २००९ मध्ये लाखो कामगार असे कामावर टिकले. काम परत आलं, तेव्हा त्या कारखान्यांना अनोळखी माणसं शोधत बसावं लागलं नाही.

बायकांच्या बाबतीत तर वर्ग किती वाजता आहे, शेवटची बस कधी सुटते आणि लहान मूल कुणाजवळ ठेवायचं, यावरच नाव नोंदवणं-न नोंदवणं ठरतं. पाळणाघराचा खर्च प्रशिक्षणाच्या खर्चात धरलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या घरातलं कुणी अशा कोर्सला नाव घालणार असेल, तर फी विचारायच्या आधी हे विचारा : मागच्या बॅचमधले किती जण कामाला लागले? कोणत्या कंपनीत, किती पगारावर? सहा महिन्यांनी त्यातले किती टिकून होते? अभ्यासक्रम ठरवताना कुठल्या कारखानदाराला बोलावलं होतं? माझा आधीचा अनुभव धरून मुदत कमी कराल का? उत्तरं लेखी मागा. देत नसतील, तर दुसरीकडे चौकशी करा, आणि आपल्या नगरसेवकाला हेच प्रश्न पालिकेच्या सभेत मांडायला लावा.

नमस्कार.