हर्णैचा र नेमका बसतो कुठे? डिस्लेक्सियाबद्दल बोलूया

नमस्कार मंडळी, मागे लाटांचा आवाज येतोय, जरा सांभाळून घ्या, पण हा व्हिडिओ मला हर्णैच्या किनाऱ्यावर बसूनच करायचा होता.

माझा भाचा तिसरीत आहे. दापोली स्टँडवर एसटीची पाटी वाच म्हटलं तर 'हर्णै' हा शब्द तो कधी हणै वाचतो, कधी हरणे, कधी नुसता पहिला ह बघून अंदाजाने काहीतरी सांगून टाकतो. आणि हाच पोरगा बंदरावर लिलाव चालू असला की भाव ऐकून किती टोपल्यांचे किती झाले ते तोंडी सांगतो. मग घरात काय म्हणणार, हुशार आहे पण आळशी आहे. वहीत शेरा आला, पन्नास वेळा लिहून आणा. रडत रडत लिहिलं त्याने, आणि त्या पन्नासात चार वेगवेगळे हर्णै होते! आळशी मूल पन्नास वेळा लिहीलच कशाला हो?

आता हा शब्द बघा. बोलताना ह, मग र, मग णै. लिहिताना तो र उडी मारून ण च्या डोक्यावर, जिथे आधीच दोन मात्रा बसल्यात. चिपळूण घ्या, तोंडात च आधी येतो आणि कागदावर वेलांटी आधी. आपल्याला सवय झालीय म्हणून दिसत नाही. डिस्लेक्सियात शब्दातले आवाज सुटे करणं आणि ते अक्षरांशी जोडणं, हेच मेंदूला जड जातं. नजर चांगली असते, बुद्धी चांगली असते, म्हणून चष्म्याने हे जात नाही. बरेचदा घराण्यात चालत येतं, आमच्याकडे माझ्या भावालाही वाचायचा कंटाळा असं सगळे म्हणायचे, आता वाटतं कंटाळा नसेलच तो.

१८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं. गणितात ठीक, पण स्वतःचं नाव लिहिताना 'प्रेसी' लिहायचा आणि चुकलंय हे त्याला दिसायचंच नाही. बघा, तिथेही र च जागा सोडून गेलेला. सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरेल, असं त्याचे मास्तर म्हणत.

मग करायचं काय, तर पन्नास वेळा लिहिणं आधी बंद. आम्ही इथे पुळणीवर येतो, तो बोटाने मोठं अक्षर काढतो आणि काढता काढता आवाज मोठ्याने म्हणतो, एका दिवशी एकच, ब आणि व एकत्र अजिबात नाही. धडा मी वाचून दाखवते, म्हणजे वाचनापायी इतिहास-विज्ञान मागे पडत नाही.

आणि तपासणी करून घ्या, लाजू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ही अध्ययन अक्षमता आहे, सर्टिफिकेट असेल तर दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. नक्की निदान साधारण आठव्या वर्षाच्या आसपास होतं पण मदत त्याआधीच सुरू करता येते, थांबू नका.

आमची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. तिथे काय काय विचारतात, कुठले कागद लागतात, ते पुढच्या व्हिडिओत सांगते.