नागपूरले जा लागते

(दृश्य: सीताबर्डी, सकाळचे साडेदहा. ट्रॅफिक, ऑटोवाल्यांची ओरड, मागे किल्ल्याची टेकडी.)

नागपुरात मॉरिस कॉलेज टी पॉइंट कुठे आहे हे कोणालाही विचारा, लगेच हात करून दाखवेल, कारण डिसेंबरात अधिवेशन लागलं की मोर्चे इथं येऊन अडवले जातात, बॅरिकेड, पोलिसांच्या गाड्या, माईकवर घोषणा, आणि आपली गाडी गल्लीबोळातून वळवलेली. पण मॉरिस कॉलेजच्या जुन्या बिल्डिंगमध्ये एक सरकारी ऑफिस बसतं, ते विचारा, तर समोरचा म्हणेल, कोणतं बापा?

बोर्डावरचं नाव लांबलचक आहे. विभागीय सहसंचालक, उच्च शिक्षण, नागपूर विभाग. कॉलेजात नोकरी करणारं कोणी एवढं सगळं म्हणत नाही. ते म्हणतात जेडी ऑफिस. जॉइंट डायरेक्टरचं जेडी.

मी हा शब्द शाळेत असल्यापासून ऐकते. बाबा भंडारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात लॅब अटेंडंट होते, केमिस्ट्रीची लॅब, ३१ वर्षं, बोटांवर सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग कायमचेच. पगार लांबला की आई विचारायची काय झालं, आणि बाबा भाताचा घास मोडत म्हणायचे, जेडीत अडकला असन. मला वाटायचं जेडी कोणी माणूस आहे, आडनाव असेल त्याचं, आणि तो आमच्या पगारावर बसून राहतो.

(दृश्य: पगार बिलाचं प्रिंटआउट, प्राचार्यांचा शिक्का पडताना.)

आता हे ऑफिस करतं काय ते सांगते, कारण बऱ्याच लोकांना वाटतं कॉलेज म्हणजे युनिव्हर्सिटी, सगळं तिथंच होतं. तसं नाही. सिलॅबस, परीक्षा, निकाल, डिग्री, कॉलेजची संलग्नता हे युनिव्हर्सिटीचं. पैसा आणि पदं जेडीकडे. अनुदानित कॉलेजातल्या प्रोफेसरपासून शिपायापर्यंत सगळ्यांचा पगार सरकार देतं, दर महिन्याला कॉलेज सेवार्थ या सरकारच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत बिल तयार करतं, ते जेडी ऑफिसात जातं, तिथून ट्रेझरी, मग बँक. याच्यात कुठं बजेट आलं नाही, कुठं एका कॉलेजचं बिल उशिरा गेलं, की अख्ख्या स्टाफरूममध्ये एकच विषय. याशिवाय वेतननिश्चिती, म्हणजे नव्या वेतन आयोगात कोणाचा पगार किती ते ठरवणं, प्रोफेसर लोकांच्या प्रमोशनच्या कमिटीत शासनाचा प्रतिनिधी, नवीन पद भरायचं तर एनओसी, मेडिकल बिल, पोरापोरींच्या शिष्यवृत्त्या. फीची शाहू महाराजांच्या नावाची योजना, हॉस्टेलवर राहणाऱ्यांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता, ही कामंही याच खात्याकडे, अर्ज मात्र महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, तेव्हापासून कॉलेजच्या खिडकीवर उत्पन्नाचा दाखला घेऊन उभ्या असलेल्या आया जास्त दिसतात.

आणि हो, इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निकवाल्यांनी इकडे येऊ नका, त्यांचं तंत्रशिक्षणाचं ऑफिस वेगळं, ते सदरला पॉलिटेक्निकच्या आवारात. चुकून इकडे आलेला एकतरी माणूस रोज सापडतो म्हणे.

(दृश्य: जुन्या इमारतीची भिंत, कमान, झाडाची सावली. आवाज हळू.)

बिल्डिंगबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे. मॉरिस कॉलेज १८८५ चं. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते जॉन मॉरिस, त्यांचं नाव. तेव्हा नागपुरात युनिव्हर्सिटी नव्हतीच, त्यामुळे कॉलेज जोडलेलं होतं थेट कलकत्ता विद्यापीठाला, नंतर अलाहाबादला. म्हणजे इथल्या पोराच्या डिग्रीचा कागद कलकत्त्याहून यायचा! नागपूर विद्यापीठ सुरू झालं ४ ऑगस्ट १९२३ ला, आता ते राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या नावानं आहे. पुढे देशाचे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्रपती झालेले मोहम्मद हिदायतुल्ला याच कॉलेजचे, कवी ग्रेस इथं मराठी शिकवायचे. कॉलेजचं आजचं नाव वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था, पण नागपूरकराच्या तोंडात मॉरिसच. नाव बदलून काही होत नाही इथं.

१९५६ पर्यंत नागपूर राजधानी होती, जुन्या मध्य प्रदेशची. तेव्हा खातं, सचिव, मंत्री सगळे याच शहरात. मग राज्यं नव्यानं आखली गेली, आपण मुंबईकडे गेलो, आणि १९५३ च्या नागपूर करारात ठरलं होतं त्याप्रमाणे वर्षातून एकदा अधिवेशन तेवढं इथं होतं. आता उच्च शिक्षणाचं असं आहे की मंत्रालय मुंबईत, संचालक पुण्यात, सहसंचालक नागपुरात. मोठ्या निर्णयाची फाईल नागपूर, पुणे, मुंबई असा प्रवास करते आणि तशीच परत येते. कलकत्त्यापेक्षा जवळ आहे, एवढं म्हणता येईल.

(दृश्य: एसटी स्टँड, पहाटे. गडचिरोलीची गाडी लागते.)

या ऑफिसच्या हद्दीत सहा जिल्हे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. पश्चिम विदर्भाचं वेगळं ऑफिस अमरावतीला. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ झालं, गडचिरोलीत, चांगलंच झालं, परीक्षेच्या कामाला नागपूरला यायची कटकट गेली. पण पगार, पेन्शन, एनओसीचं ऑफिस नागपुरातच राहिलं. नकाशा काढून बघा, सिरोंचा कुठं आहे ते. प्राणहितेच्या काठावर, पलीकडे तेलंगणा. तिथून नागपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. तिकडच्या कॉलेजच्या बाबूला एका कागदासाठी यायचं झालं तर एक दिवस यायला, एक कामाला, एक परत जायला. ईमेल आहे, ऑनलाइन आहे, सगळं खरं. तरी ओरिजिनल सेवापुस्तक, म्हणजे नोकरीच्या सगळ्या नोंदींची वही, ईमेलनं जात नाही ना.

(दृश्य: चहाची टपरी. तर्री पोह्याची प्लेट, त्यावर चणे.)

दुपारी बाहेर टपरीवर उभं राहिलं की अर्धं उच्च शिक्षण खातं ऐकायला मिळतं. एक सर भेटले, नाव सांगत नाही, पीएचडी, सेट म्हणजे प्राध्यापक व्हायची राज्याची पात्रता परीक्षा पास, आणि दहा वर्षांपासून सीएचबी. सीएचबी म्हणजे घड्याळी तासिका तत्त्व. जेवढे तास शिकवलं तेवढ्याचे पैसे, सुट्टी लागली की पैसे बंद, उन्हाळा म्हणजे शून्य. म्हणाले, "मॅडम, पोट्टे मले प्रोफेसर म्हणतात, अन बँकवाला विचारते सॅलरी स्लिप कुठं हाय." हसून सांगत होते. मला काही हसू आलं नाही.

हे असं का, याचं उत्तर एका आकड्यात आहे. २०८८. २०१७ मध्ये भरतीवर बंदी आली, मग २०१८ मध्ये ३५८० सहायक प्राध्यापकांची पदं भरायला मान्यता मिळाली, त्यातली १४९२ भरली आणि २०२० मध्ये कोविड आला, परत बंदी. उरली २०८८. नंतर त्यांनाही मान्यता आली, पण तोपर्यंत किती लोक रिटायर झाले, रिकाम्या खुर्च्या किती वाढल्या. ज्या डिपार्टमेंटला चार माणसं पाहिजेत तिथं एक परमनंट आणि बाकी सीएचबी, ही कॉलेजं तुम्हीही पाहिली असतील. त्यात २००१ नंतरची कॉलेजं कायम विनाअनुदानित, त्यांचा तर या पगाराच्या रांगेशी संबंधच नाही, तिथल्या सरांना किती मिळतं ते सर सांगत नाहीत आणि आपण विचारू नये.

जुनी माणसं २०१३ चीही आठवण काढतात. प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला होता, सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेटसेटग्रस्तांचा प्रश्न, म्हणजे १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेले नेट-सेट नसलेले लोक. सरकारनं ७१ दिवसांचा पगार रोखला, ते प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. आमच्या घरी तेव्हा बाबा दोन्ही बाजूंवर चिडायचे, पोरांच्या प्रॅक्टिकलसाठी सोल्यूशन बनवून ठेवलेलं आणि परीक्षा घ्यायला कोणी नाही.

(दृश्य: टी पॉइंट, रात्री, रिकामा रस्ता. काही सेकंद फक्त आवाज.)

या चौकाजवळून जाताना एक गोष्ट वगळून पुढे जाता येत नाही. २३ नोव्हेंबर १९९४. अधिवेशन चालू होतं, गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यात बायका आणि लेकरं किती तरी. झिरो माइलकडे त्यांचं स्मारक आहे. त्यांची मागणीही कागदाचीच होती, यादीत आपली जात कशी लिहिली आहे याची.

(दृश्य: जुनं सेवापुस्तक, बाइंडिंग सुटलेलं. हात पानं उलटतो.)

आता बाबांचं. बाबांची जन्मतारीख १ जुलै. खरी कोणती ते आजीलाही माहीत नव्हतं, शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकून दिली, त्या पिढीत गावोगावी असे एक जुलैवाले भरलेत. आता गंमत बघा. एक तारखेला जन्म असला तर माणूस आदल्या दिवशी रिटायर होतो, म्हणजे ३० जूनला. आणि सहाव्या वेतन आयोगापासून वार्षिक इन्क्रीमेंट लागतं १ जुलैला. वर्षभर काम करून त्या वर्षाची वेतनवाढ एका दिवसानं हुकणार! यावर देशभर केसेस झाल्या, २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की ती वाढ धरली पाहिजे, मग राज्यानंही जीआर काढला. पेन्शन मोजताना ती धरायची. बाबा रिटायर झाले ३० जून २०२४ ला, म्हणजे वेळेत.

पण पेन्शनची फाईल जेडीतून आली परत. कॉलेजचे मोठे बाबू फोनवर म्हणाले, "ताई, त्रुटी निघाली. तुले नागपूरले जा लागते एकदा."

त्रुटी काय, तर सेवापुस्तकात पाचव्या वेतन आयोगाची नोंद होती, १ जानेवारी १९९६ ची वेतननिश्चिती, आकडे होते, शिक्का होता, प्राचार्यांची सही नव्हती. शिक्का मारून सही राहिली. चूक आमच्या कॉलेजच्या ऑफिसची, तेही जवळपास पंचवीस वर्षांपूर्वीची, ते प्राचार्य केव्हाचे वारले. आणि त्यानंतरचं प्रत्येक इन्क्रीमेंट, सहावा, सातवा आयोग, सगळा माळा त्या एका पानावर उभा. जेडी ऑफिसातल्या मॅडमनी पान उघडून पेन्सिलची खूण दाखवली, शांतपणे म्हणाल्या, हे असंच महालेखापालांकडे, म्हणजे पेन्शन तपासून मंजूर करणाऱ्या ऑफिसकडे, पाठवलं तर तिथून परत येईल, मग तुमचेच महिने जातील. कुलरच्या हवेनं पानं फडफडत होती, त्यांनी त्यावर पंचिंग मशीन ठेवली. मला राग काढायचा होता, पण काढू कोणावर?

मग कॉलेजच्या स्टोअरमध्ये शोधाशोध. लोखंडी कपाट, किल्ली हरवलेली, कुलूप तोडलं. आत मस्टर, जुनी पगार पत्रकं, खालच्या कप्प्याला उधई लागलेली. बाबा स्वतः बसले तिथं, रुमाल बांधून, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी वेतननिश्चितीचा मूळ आदेश सापडला, एक कोपरा उधईनं खाल्लेला पण सही शाबूत. बाबा त्या सहीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब सही लय झोकात करत." मग आताच्या प्राचार्यांनी त्या आदेशाच्या आधारे नोंद साक्षांकित केली, त्रुटीपूर्ततेचं पत्र, आणि मी परत एसटीनं नागपूर. बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या टेबलावर, कागद दिला, पोच घेतली, शिक्क्यावरची तारीख नीट उमटली की नाही ते दोनदा बघितलं.

तिथून प्रकरण गेलं महालेखापाल कार्यालयात, सिव्हिल लाइन्सला, मग ट्रेझरी. बाबांसोबतचा एक शिपाई मात्र २००६ ला लागलेला, तो फोन करून विचारायचा, काका, काय झालं तुमचं? १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यामुळे त्याला स्वतःसाठी काही विचारायचं नव्हतं, फक्त बाबांचंच.

(दृश्य: ओसरी, संध्याकाळ. पाकीट.)

पेन्शनचा आदेश आला तेव्हा मी घरी होते. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी किती, अंशराशीकरण म्हणजे पेन्शनचा एक भाग सोडून मिळणारी एकरकमी रक्कम किती, मी मोठ्यानं वाचत होते, आई मध्येच विचारत होती की यात स्लॅबचं काम होईल का. बाबांनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा चढवला, आणि बाकी काही न बघता शेवटच्या मूळ वेतनाच्या आकड्यावर काळं बोट ठेवलं, तिथंच मनातल्या मनात हिशोब केला.

"धरली," म्हणाले. "जुलैची धरली."