ऑगस्टाचे कॅडी

श्रोतेहो, येरवड्याचा गोल्फ कोर्स आपल्यापैकी बहुतेकांनी विमानतळाकडे जाता-येता बाहेरूनच पाहिला आहे. खेळाडूची जड पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर चालणारा कॅडी मात्र आपल्या लक्षात क्वचितच राहतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा नॅशनल या क्लबाचा आणि तिथल्या मास्टर्स स्पर्धेचा इतिहास मला आज त्या माणसाच्या बाजूने सांगायचा आहे, कारण विजेत्यांच्या यादीत तो सापडत नाही.

१९३० साली त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकून गोल्फपटू बॉबी जोन्स अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त झाले आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स यांच्यासह त्यांनी एका जुन्या रोपवाटिकेच्या जमिनीवर हा क्लब उभा केला. तिथल्या प्रत्येक होलला, म्हणजे मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी प्रत्येकाला, आजही झाडाफुलाचे नाव आहे. पहिली स्पर्धा १९३४ मध्ये झाली. पुढच्याच वर्षी जीन सॅराझन यांनी पंधराव्या होलवर सुमारे २३५ यार्डांवरून, दुसऱ्याच फटक्यात चेंडू थेट खळग्यात घालून तीन फटक्यांची पिछाडी भरून काढली आणि स्पर्धेचे नाव सर्वतोमुखी झाले.

बारावा होल जेमतेम १५५ यार्डांचा आहे. पुढे ओढा, पलीकडे अरुंद ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीचा बारीक कातरलेल्या गवताचा पट्टा. झाडांच्या शेंड्यांवर वारा एका दिशेने वाहतो आणि खाली निशाण दुसरीकडेच फडफडत असते. तिथे कोणती काठी घ्यायची, हे वर्षानुवर्षे त्या गवतावर चाललेला कॅडीच सांगू शकतो. १९८२ पर्यंत मास्टर्समध्ये क्लबाचेच कॅडी घेणे खेळाडूंना बंधनकारक होते, आणि ते कृष्णवर्णीय होते. कृष्णवर्णीयाला सभासदत्व मिळायला मात्र १९९० उजाडले, स्त्रियांना तर २०१२. ज्यांच्या सल्ल्यावर चेंडू टोलवला जाई, त्यांना सभासद म्हणून दार बंद होते; हा अन्याय सौम्य शब्दांत मांडणे मला पटत नाही.

ली एल्डर स्वतः लहानपणी कॅडी होते. १९७५ मध्ये मास्टर्स खेळणारे ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. ७४ आणि ७८ असे जास्त फटके लागल्याने दोन दिवसांतच ते बाहेर पडले. पण अठराव्या ग्रीनकडे येताना क्लबाचे कृष्णवर्णीय कर्मचारी कामे टाकून आपल्याला पाहायला उभे होते, असे त्यांनी पुढे सांगितले. १९९७ मध्ये एकवीस वर्षांच्या टायगर वूड्स यांनी बारा फटक्यांच्या फरकाने ही स्पर्धा जिंकली, तेव्हा एल्डर तिथे हजर होते.

एप्रिल २०२१ मध्ये स्पर्धेच्या प्रारंभाचा मान क्लबाने एल्डर यांना दिला. नाकाला प्राणवायूची नळी लावून ते पहिल्या टीजवळ, म्हणजे पहिला फटका जिथून मारतात तिथे, खुर्चीत बसले होते. फटका मारण्याइतकी शक्ती उरलेली नव्हती. नाव पुकारले गेले तेव्हा त्यांनी हातातला ड्रायव्हर, म्हणजे लांब फटक्याची काठी, उंचावला, आणि मग शेजारी उभे असलेले माजी विजेते गॅरी प्लेअर आणि जॅक निकलस यांनी आपापले चेंडू टोलवले.