राणीछाप रुपया काळा का पडतो?

(दृश्य : सोलापूरचा सराफ बाजार, दिवाळीच्या आधीचे दिवस. काउंटरवरच्या मखमलीवर एक जुना चांदीचा रुपया.)

सोलापूरच्या जुन्या घरांमधून असा रुपया अजून निघतो. कुणाच्या देव्हाऱ्यात असतो, कुणाच्या आजीच्या पितळी डब्यात. राणीछाप, राजाछाप. वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने एक तोळा. त्यात 91.7 टक्के चांदी, बाकी तांबं. 1877 पासून या रुपयावर व्हिक्टोरियाच्या नावाशी ‘एम्प्रेस’ ही पदवी आली, आणि सोलापूरची जुनी कापडगिरणी उभी राहिली तीही त्याच दशकात. गिरणीचा भोंगा थांबला, रुपये मात्र उरले. पण हातात घेऊन पाहिले की जीव हळहळतो. एकतर काळेकुट्ट पडलेले, नाहीतर घासून घासून गुळगुळीत झालेले.

(दृश्य : नाण्याचा काठ, भिंगातून. सोनेरी, तांबूस आणि निळसर छटा.)

साध्या हवेतला ऑक्सिजन चांदीचं फारसं काही बिघडवत नाही. तिचं वाकडं आहे गंधकाशी. हवेत हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू अगदी थोडे असले, तरी चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. दमट हवेत हे काम भराभर होतं. थर पातळ असतो तेव्हा नाणं फिकट सोनेरी दिसतं, मग तांबूस, मग निळं-जांभळं, आणि शेवटी काळं. वर्षानुवर्षं शांतपणे चढलेली अशी सारखी छटा असेल, तर जाणकार संग्राहक तिच्यासाठी जास्त पैसे मोजतो. तो तिला मळ मानत नाही.

आणि आपण काय करतो? लक्ष्मीपूजन आलं की रांगोळी, राख, चिंच, टूथपेस्ट, जे हाताशी येईल त्याने रुपया घासतो. तो काळा थर चांदीचाच बनलेला असतो. प्रत्येक घासणीला थोडी चांदी पाण्याबरोबर मोरीत जाते.

(दृश्य : 1911 चा रुपया. पंचम जॉर्जच्या झग्यावर कॅमेरा थांबतो.)

हे जवळून पाहा. राजाच्या झग्यावर एक इवलासा हत्ती आहे. 1911 च्या नाण्यावर त्याची सोंड इतकी आखूड उमटली की तो डुकरासारखा दिसू लागला. लोकांमध्ये ओरड झाली आणि 1912 च्या नाण्यावर हत्ती दुरुस्त झाला. म्हणून 1911 चा रुपया ओळखायचा तो या सोंडेवरून. पण नाण्याचा उंच भाग सगळ्यात आधी झिजतो. राजाचा गाल, मुकुट, दाढी, आणि हा हत्ती. रांगोळीच्या चार-दोन दिवाळ्या झाल्या की सोंड कसली नि कान कसला! ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्याचा उपायही सगळीकडे फिरतो. काळेपणा त्याने जातो, पण मागे निस्तेज पांढुरका पृष्ठभाग उरतो आणि सवयीच्या नजरेला तो लगेच कळतो. पूजेला नवं नाणं घ्या. जुन्याला हळद-कुंकू आणि पंचामृतापासून लांबच ठेवा.

(दृश्य : उघडं लोखंडी कपाट. जुन्या पुरचुंड्या, रबरबँड, पेपरचे तुकडे.)

नाणं काळं पडतं त्यात सगळाच दोष हवेचा नसतो. आपण त्याला कशात गुंडाळलंय, तेही पाहायला हवं. रबरबँडमध्ये गंधक असतं, रबर टणक करायला ते घालावंच लागतं. वर्तमानपत्राच्या कागदातही असतं. लोकरीत तर ते उपजतच, त्यामुळे आपल्याकडच्या घोंगडीच्या तुकड्यात मायेने बांधलेला रुपया सगळ्यात आधी काळा पडतो. सोलापूर सुताचं गाव, म्हणून कापडाबद्दलही सांगायला हवं. सूत स्वतः निरुपद्रवी, पण काळं सुती कापड बऱ्याचदा गंधकाच्या रंगात रंगवलेलं असतं. गुंडाळायचंच असेल तर बिनरंगाचं, धुतलेलं पांढरं सुती कापड घ्या.

यातलं सर्वांत फसवं प्लास्टिक. अल्बममधली मऊ, चकचकीत पाकिटं, उघडली की नव्या रेनकोटसारखा वास येणारी. ते पीव्हीसी. दोन-चार उन्हाळे गेले की त्यातून आम्ल सुटतं, मऊपणासाठी घातलेलं तेलकट द्रव्य पाझरतं, आणि नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. खाली धातू खाल्ला जातो. थर नुकताच दिसायला लागला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या वाटीत, नाणं थोडा वेळ बुडवून काढा. घासू नका, चोळू नका. खिडकी उघडी हवी आणि जवळपास दिवा, शेगडी नको, कारण ॲसिटोन भडकन पेटतं. नेलपॉलिश काढायचं द्रावण इथे चालत नाही, त्यात इतर तेलं आणि रंग मिसळलेले असतात.

मग ठेवायचं कशात? कडक ॲक्रिलिकची गोल डबी, नाहीतर मायलरची, म्हणजे पारदर्शक पॉलिस्टरची पाकिटं. रुपयाचा व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर, त्या मापाची डबी घ्या म्हणजे नाणं आत खुळखुळणार नाही. आणि हात लावायचा तो काठालाच. बोटाच्या घामातलं मीठ आज दिसत नाही, पण काही महिन्यांनी अंगठ्याचा ठसा नाण्यावर उमटतो आणि मग तो कायमचा.

(दृश्य : मे महिन्यातली दुपार. खिडकीत घरघरणारा कूलर, शेजारी कपाट.)

सोलापूरची हवा कोरडी, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण चाळिशीपार पारा गेला की घरोघरी पाण्याचे कूलर लागतात, आणि बाहेर रखरखाट असताना खोलीत ओल भरते. कपाट त्या झोतात नको. न्हाणीघराच्या भिंतीला लागूनही नको, गटाराच्या वायूत तेच गंधक असतं. देव्हारा स्वयंपाकघरात असेल तर तिथली चांदी लवकर काळवंडते, हे बायकांना कधीपासून माहीत आहे. लसणाची फोडणी आणि अंडी यांतूनही गंधक सुटतं, गॅसला वास यावा म्हणून घातलेलं द्रव्यही गंधकाचंच.

डब्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदलायची. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात, त्यामुळे गणपतीच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा डबा उघडून पाहिला तरी पुरे. बँकेच्या लॉकरात ठेवत असाल तर तिथेही पुडी लागते. लॉकर चोरापासून वाचवतो, ओलीपासून नाही.

रुपया कुणाचा, कुठल्या सालचा, घरात कुणाकडून आला, हे लिहून ठेवा. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, आणि ती नाण्याच्या पाकिटात न घालता बाहेरच्या बाजूला लावा.