आंबोली चढायच्या आधी

भुसावळ, सकाळचे 9, बाहेर ऊन आत्तापासूनच चटके द्यायला लागलंय आणि आत मामा-भाचे कळण्याची भाकरी अन ठेचा खाता खाता स्कूबा डायव्हिंगच्या मनगटी कॉम्प्युटरच्या एवढ्याशा स्क्रीनमध्ये डोकं घालून बसलेत. समुद्र इथून कुठल्या कुठे, पण रविवारी पाण्यातून वर कसं यायचं ते इथेच ठरतंय.

स्क्रीनवर दोन आकडे आहेत, 40 आणि 85. हे ग्रेडियंट फॅक्टर, मीटर नव्हेत, टक्के. 40 मीटर खाली दाब वरच्यापेक्षा पाचपट असतो, श्वासातला नायट्रोजन रक्तात, चरबीत मुरत जातो, आणि घाईघाईत वर आलं की त्याचेच बुडबुडे होतात, सांधे धरतात, कधी मणक्यावरही जातं. शरीर किती सहन करेल याची हद्द झुरिकच्या ब्यूलमनांनी शरीराचे 16 कप्पे धरून मांडली, काही नायट्रोजनने पटकन भरणारे, काही हळू, आणि त्या हद्दीच्या किती टक्क्यांपर्यंत जायचं हे डायव्हरला ठरवता यावं म्हणून एरिक बेकरांनी हे आकडे आणले. पहिल्यावरून ठरतं की वर येताना नायट्रोजन निघून जावा म्हणून घ्यायचा पहिला स्टॉप किती खोल, दुसऱ्यावरून ठरतं की पाण्याबाहेर निघताना त्या हद्दीच्या किती जवळ असणार.

"मामा, मी 20-85 ठेवलंय, जास्त सेफ ना?"

"नाही भो, पहिला आकडा उगाच खाली नेला की तू खोलवरच थांबत बसशील, अन तेवढ्या वेळात जे कप्पे हळू भरतात ते अजून भरत राहतात."

मामांचं बरोबर आहे. अमेरिकन नेव्हीच्या 2011 च्या अहवालात खोल स्टॉप घेणाऱ्यांनाच त्रास जास्त झालेला दिसला. जास्त सांभाळायचं तर दुसरा आकडा कमी करा, 85 चा 70, मग वरचे स्टॉप लांबतात. आणि तिथे हवा लागते हे लोक विसरतात! पाण्याबाहेर मिनिटाला 20 लिटर घेणारा माणूस 6 मीटरवर, दाब 1.6 पट म्हणून, 32 लिटर घेतो, 10 मिनिटं जास्त थांबला तर 320, म्हणजे 12 लिटरच्या सिलिंडरमधले जवळपास 27 बार गेले. म्हणून सेटिंग आधी, हवेचा हिशोब नंतर, आणि दोघांचं सेटिंग एकच, नाहीतर एकाचा कॉम्प्युटर चल म्हणतो अन दुसऱ्याचा अजून थांब म्हणतो. स्टॉपवाली डाइव्ह ट्रेनिंगशिवाय करायचीच नाही हे तर आलंच.

आता आपल्या खान्देशवाल्यांचा खरा प्रश्न, घरी परतायचा. मालवणहून निघालं की आंबोली, साधारण 690 मीटर, हवेचा दाब 8 टक्क्यांच्या आसपास कमी. अंगात नायट्रोजन शिल्लक असताना घाट चढणं म्हणजे अजून वर येणंच झालं, फक्त गाडीत बसून. डाइव्हनंतर विमानात बसायच्या आधी किती थांबायचं, तो नियम डायव्हर इथेही पाळतात: स्टॉप न लागलेल्या एका डाइव्हनंतर निदान 12 तास, जास्त डाइव्ह झाल्या तर 18, आणि स्टॉप लागले असतील तर त्याहून बरंच जास्त.

मामांनी डायरीतलं "रविवार, दुपारी 2 ला निघणे" खोडलं. खाली लिहिलं, सोमवार, संध्याकाळी.