भाडं निघालं पाहिजे

(दृश्य : सोलापूर स्टेशन. फलाटावरचे दिवे अजून चालू. बाकावर एक बाई.)

निवेदन :

अजून पुरतं उजाडलेलं नाही. बाकावर बसलेली ही माझी आत्या. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि 2012 मध्ये निवृत्त झाली. मांडीवर पिशवी आहे. पिशवीत दोन नेसती पातळं, गोळ्यांचा डबा, एक वही आणि तळाशी घडी घातलेली सोलापुरी चादर. चार दिवसांनी या चादरीचं गाठोडं झालेलं असेल. रेल्वेचं तिकीट, लॉज, रिक्षा, जेवण, सगळा खर्च त्या गाठोड्यातून निघणार आहे.

आत्याला आयुष्यभर फिरायचं होतं. पण पगार मुलांच्या शिक्षणात गेला, पेन्शन घरखर्चाला लागते आणि दुसऱ्याकडे हात पसरणं तिच्या स्वभावात नाही. मग तिने स्वतःला एक अट घालून घेतली. जायचं, पण भाडं निघालं पाहिजे. या एका अटीवर ती नारायणपेठेला गेली, महेश्वरला जाऊन नर्मदेच्या घाटावर बसली, चंदेरीचा किल्ला चढली. जिथे जाईल तिथलं हातमागाचं कापड आणायचं, ओळखीच्या बायकांना द्यायचं आणि वर थोडे पैसे लावायचे. पण दरवर्षी न चुकता ती जाते ती बदामीला. बदामीजवळची बनशंकरी आमची कुलदेवी. या सगळ्याची सुरुवातही तिथेच झाली.

(दृश्य : खिडकीतून विजयपूरचा गोलघुमट. पुढे कृष्णेवरचा पूल.)

2013 ची पौष पौर्णिमा, बनशंकरीची जत्रा. आत्याने ओटीसाठी म्हणून सहा खण घेतले. घरी आल्यावर ते शेजारच्या काकूंनी पाहिले. त्या म्हणाल्या, यातले दोन मला दे आणि पैसे घे. आत्याने पैसे घ्यायला नकार दिला. काकूंनी नोटा तिच्या देव्हाऱ्यात ठेवल्या आणि खण घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची जाऊ आली. आठवड्याभरात सहाही खण गेले आणि ओटीसाठी घरात एकही उरला नाही.

हे जानेवारीत झालं, याला महत्त्व आहे. पौष पौर्णिमा बहुतेक संक्रांतीच्या आसपास येते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू. बाईला बाईची ओटी भरायची असते, लेकीसुनेला द्यायचं असतं, स्वतःला नवी चोळी शिवायची असते. नेमक्या त्याच दिवसांत आत्या गाठोडं घेऊन परतते. तिने बाजाराचा अभ्यास वगैरे केला नव्हता. जत्रेची तिथी आणि बायकांची गरज आपोआप जुळून आली आणि तिच्या ते ध्यानात आलं.

(दृश्य : गुळेदगुड्ड. अरुंद गल्ली. आतून मागाचा खटखट आवाज.)

बागलकोट आणि बदामीच्या मध्ये गुळेदगुड्ड नावाचं गाव आहे. महाराष्ट्रात जो खण आपण आपला म्हणतो, नऊवारीवरची चोळी, देवीची ओटी, परकर-पोलक्यातलं पोलकं, तो पिढ्यान्‌पिढ्या इथे विणला जातो. गाव कर्नाटकातलं, विणणारे कन्नड बोलणारे, आणि नेसणाऱ्या-शिवणाऱ्या बायका मोठ्या संख्येने मराठी. मी लहानपणापासून खण पाहत आले, पण या गावाचं नाव मला आत्याने सांगेपर्यंत माहीत नव्हतं. याची मला खरंच खंत वाटते.

दारातूनच हाक येते, "बर्री टीचर!" या, बाई. विणकर अण्णा कमरेपर्यंत जमिनीत आहेत. माग खड्ड्यावर बसवलेला, ते कडेला बसलेले आणि पाय खाली खड्ड्यातल्या पावड्यांवर. पाय दाबला की उभे धागे वर-खाली होतात, मधून आडवा धागा घेऊन धोटा सुटतो, फणी ठोकली जाते. एका ठोक्याने कापड केसभर पुढे सरकतं. बाजूला घरातल्या बाई रहाटावर कांड्या भरत आहेत. त्यांचा हात थांबला, तर अण्णांचा धोटाही थांबतो.

जरा जवळून पाहा. खणावरची नक्षी आडव्या धाग्यांनी आलेली नाही. मूळ ताण्यात, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांत, जास्तीचे उभे धागे घातलेले असतात, तेच ठरावीक जागी वर उचलले जातात आणि नक्षी उमटते. हा रुद्राक्ष. ही तुळस. हे तेरू, म्हणजे रथ. जत्रेत देवीचा जो रथ ओढतात, तोच चोळीच्या कापडावर बोटाच्या पेराएवढा होऊन बसला आहे.

आत्या खण हातात घेते आणि आधी नक्षी पाहत नाही, कड पाहते. विणताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, आक्रसू नये म्हणून कापडाच्या दोन्ही कडांमध्ये एक काठी ताणून बसवतात. तिच्या टोकांना टाचण्या असतात. कापड पुढे सरकेल तशी काठीही पुढे सरकवतात आणि कडेला टाचण्यांची बारीक भोकं मागे राहतात. आत्या त्यावरून बोट फिरवते. भोकं लागली की कापड हातमागाचं म्हणून मान डोलावते.

ही सवय तिला एका वाईट वर्षानंतर लागली.

(दृश्य : वहीचं एक पान. लाल शाईने मारलेली रेघ.)

त्या वर्षी तिचा पाय मुरगळला होता. मागापर्यंत चालवेना, म्हणून तिने मुक्कामाच्या गावातल्या एका दुकानातून एकगठ्ठा माल उचलला. हातमागाचा आहे असं सांगून दिला होता. रंग सुंदर होते, भावही बरा होता. घरी आणून विकला. पंधरा दिवसांत एकीचा फोन आला, पहिल्याच धुण्यात लाल रंग हिरव्या काठावर उतरला. मग दुसरीचा. आत्याने उरलेले खण काढून पाहिले, कड यंत्राने कापल्यासारखी सरळ होती. तिने विकलेल्या प्रत्येक खणाचे पैसे घरोघरी जाऊन परत दिले. काही जणी नको म्हणाल्या, त्यांनाही दिले. त्या वर्षीचं भाडं निघालं नाहीच, वर पदरचे गेले. लाल रेघ त्या पानावर आहे.

यंत्रमागाचं कापड वाईट असतं असं आत्या म्हणत नाही. स्वस्त असतं, रोजच्या वापराला चालतं, आणि सोलापूरकर बाईला यंत्रमागाचं काय सांगावं! तिचा राग एवढ्यावरच आहे, की एकाचं नाव सांगून दुसरं विकलं जातं. अण्णा एक कापड विणायला जेवढा वेळ बसतात, तेवढ्या वेळात यंत्रातून थान बाहेर पडतं. दोन्हींना एकच नाव आणि एकच भाव लावला, तर अण्णांचा मुलगा मागावर का बसेल?

म्हणून ती अण्णांकडे भाव करत नाही. मला सुरुवातीला हे कळत नव्हतं. मी म्हटलं, अगं, तू पन्नास नग घेतेस, थोडं तरी कमी करून माग. ती म्हणाली, "माझ्या प्रवासाचे पैसे घेणारीकडून यायला हवेत. विणणाऱ्याच्या ताटातून मी ते काढणार नाही." यावर मी पुन्हा काही बोलले नाही.

(दृश्य : इलकल. दोन रंगांचे ताणे जोडणारी बोटं.)

इलकल, म्हणजे आपण म्हणतो ते इरकल. वाटेत अमीनगडला उतरून डिंक-गूळ-सुकामेव्याचं कर्दंट घ्यायचं, हाही आता नेम झाला आहे.

इरकलीचा पदर लाल, त्यावर पांढरे पट्टे. अंग वेगळ्या रंगाचं. हा लाल रंग इतका गच्च कसा दिसतो, ते मागापाशी गेल्यावर समजतं. साधारण साडीत उभे धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच असतात. मग अंग काळं असेल, तर पदरातही ते काळे धागे मिसळणारच. इथे तसं नाही. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा ताणा वेगळा. दोन्हींच्या टोकांचे फासे एकमेकांत अडकवून एकेक धागा जोडतात. याला म्हणतात टोप तेनी. त्यामुळे पदराचे उभे धागेही लाल आणि आडवेही लाल. मात्र असा ताणा एका साडीपुरताच होतो, सहा वार किंवा नऊ वार. साडी विणून उतरली की पुढच्या साडीसाठी पुन्हा नव्याने जोडायचा.

आत्या साडी उलटी करते आणि अंग व पदर जिथे भेटतात ती रेघ मला दाखवते. अगदी बारीक दातेरी रेघ आहे. नखाने हलकेच चाचपली, तर बोटाला कळते. ज्या साडीत ही रेघ नाही आणि पदराचा लाल काळपट मारतो, ती साडी आत्या उचलत नाही.

हे सगळं पाहण्यात दोन दिवस जातात. दुकानातून तासाभरात माल घेऊन निघता आलं असतं. पण मग या घरांत चहा प्यायला नसता, बनशंकरीच्या आवारात टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी घेऊन पायरीवर बसून खाल्ली नसती. आत्याचा प्रवास लांबतो तो खरेदीमुळे, आणि परवडतो तोही खरेदीमुळे.

(दृश्य : ऐहोळे. मेगुतीची टेकडी. आत्या हळूहळू चढते आहे.)

एक दिवस मात्र फक्त पाहण्याचा. बदामीचं तिसरं लेणं, शके 500 चा लेख असलेलं, म्हणजे इसवी सन 578 चं. पट्टदकलची देवळं, 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेली. आणि ऐहोळेच्या टेकडीवर मेगुतीचं जैन मंदिर.

आत्या इथे दरवर्षी येते. भिंतीवर दरबारी कवी रविकीर्तीचा शिलालेख आहे, 634 सालचा. त्यात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने हर्षवर्धनाला हरवल्याचं सांगितलं आहे, आणि त्याच लेखात तीन महाराष्ट्रकांचा, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन भागांचा, आणि त्यांतल्या 99 हजार गावांचा उल्लेख आहे. आत्याने वर्गात पुलकेशी किती वेळा शिकवला असेल! फळ्यावर सनावळी लिहिली, प्रश्नोत्तरं घोटून घेतली. पण तो दगड स्वतः पाहिला तो निवृत्तीनंतर, खणांच्या पैशांनी. पहिल्या वेळी ती त्याच्यासमोर उभी राहून रडली, असं तिने मला इथेच, याच पायरीवर सांगितलं.

याच भागात एकदा एका माणसाने तिला कागदात गुंडाळलेली दगडी मूर्ती दाखवली. शेतात सापडली म्हणाला, भाव अगदी थोडा सांगितला. वर्षभराचे प्रवास निघाले असते. आत्याने हात लावला नाही. 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची अशी वस्तू म्हणजे पुरावस्तू, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाही. आत्याला कायदा माहीत होता, पण ती जे बोलली ते वेगळंच. "हे ज्या गावाचं आहे त्या गावात राहू दे. खण अण्णा पुन्हा विणतील. हे कोण घडवणार?"

(दृश्य : रात्र. लॉजची खोली. वही उघडी.)

जानेवारी 2023 चं पान. आत्याचं अक्षर अजून फळ्यावरचं, गोल आणि ठसठशीत.

लॉज, चार रात्री, 2,800. रेल्वे, जाता-येता, 380. बस आणि रिक्षा, 1,660. जेवणखाण, 1,300. तिकिटं व किरकोळ, 200. एकूण 6,340.

समोरच्या पानावर. इरकल 12, प्रत्येकी 300 वर, 3,600. खण 50, प्रत्येकी 60 वर, 3,000. एकूण 6,600.

उरले 260. त्यापुढे लिहिलं आहे, "कर्दंट, शेजारी वाटण्यास."

मालाचे 32 हजार तिला आधी घालावे लागतात. निवृत्तीच्या पैशांतून बाजूला काढलेली ती रक्कम आहे, दरवर्षी तीच फिरते. यापेक्षा जास्त वर लावलं तर सहज मिळतील, बायका देतील. मी सुचवलं होतं. ती म्हणाली, मग ते दुकान होईल, आणि दुकान टाकलं की ते सोडून हिंडता येत नाही.

(दृश्य : सोलापूर. आत्याची बैठकीची खोली. सतरंजीवर चादर पसरली आहे.)

गाठोडं सुटतं. खणांच्या त्रिकोणी घड्या रंगांप्रमाणे लागतात. बायका चपला काढून आत येतात, खोलीत दाटी होते. एक सून अंजिरी रंगावर अडून बसली आहे. तिच्या सासूला हिरवा हवा आहे. आत्या कोणालाच काही सुचवत नाही. कोणत्या घरात कोणता विणला गेला, एवढं मात्र सांगते.

पहिले दोन खण घेऊन गेलेल्या शेजारच्या काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. डोळ्यांना फारसं दिसत नाही. त्या चादरीच्या कोपऱ्याशी बसतात, एक खण उचलतात आणि कडेवरून अंगठा फिरवत जातात. मध्येच अंगठा थांबतो. थोडा मागे येतो, पुन्हा पुढे जातो.

"लागली गं भोकं," काकू म्हणतात. "रंग कुठला आहे?"

"डाळिंबी," आत्या सांगते. "हिरव्या काठाचा."

काकू कमरेची पिशवी सोडवतात.