लेबलवरची बारीक अक्षरे

[दृश्य: टेबलावर सात इंची रेकॉर्ड. कॅमेरा हळूहळू लेबलजवळ जातो.]

सात इंच व्यासाची ही तबकडी मिनिटाला ४५ फेरे घेते आणि तिच्या दोन बाजूंवर मिळून बहुधा दोनच गाणी असतात. पॉप संगीताच्या जगात हिला सिंगल म्हणतात. मधल्या गोल लेबलवर गाण्याचे नाव, गायकाचे नाव, कंपनीचे बोधचिन्ह, एक क्रमांक, बऱ्याचदा गाण्याचा कालावधी आणि नावाखाली कंसात गीतकार-संगीतकारांची आडनावे छापलेली असतात. ऐकणारा गायकाचे नाव वाचून सुई टेकवतो. संग्राहकाचे वाचन मात्र त्या कंसातल्या आडनावांपासून सुरू होते. गाणे मुळात कोणाचे होते, ते कोणाच्या नावावर चढले, त्यावर कोणाचा भरवसा होता आणि कोणाचा नव्हता, याच्या खुणा या तळहाताएवढ्या कागदावर आणि भोवतालच्या प्लास्टिकवर राहिलेल्या असतात. त्या खुणा वाचता येऊ लागल्या की सिंगल्स जमवण्याला खरा अर्थ येतो, असे आम्हाला वाटते.

या तबकडीचा जन्म स्पर्धेतून झाला. कोलंबिया कंपनीने १९४८ साली मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ वेळेची रेकॉर्ड बाजारात आणली आणि तिला उत्तर म्हणून आरसीए व्हिक्टर कंपनीने १९४९ च्या मार्चमध्ये ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी काढली. तोवर चालत आलेल्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड लाखेच्या मिश्रणाच्या, जड आणि हातातून सुटताच फुटणाऱ्या असत. नवी तबकडी व्हायनिलची, हलकी आणि लवचिक होती. तिच्या मधोमध सुमारे दीड इंचाचे मोठे भोक होते, त्यामुळे आपोआप रेकॉर्ड बदलणाऱ्या यंत्रात ती सहज बसे. सीबर्ग कंपनीने १९५० साली ४५ च्या रेकॉर्ड वाजवणारा ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणे टाकले की निवडलेले गाणे वाजवणारे यंत्र, आणला आणि छोट्या तबकडीला हॉटेलांत, कॅफेंत, तरुणांच्या बैठकीच्या ठिकाणी हक्काची जागा मिळाली.

[दृश्य: रंगीत तबकड्या, एकामागून एक.]

आरसीएने सुरुवातीला संगीताच्या प्रकारानुसार तबकड्यांचे रंग ठरवले होते. शास्त्रीय संगीताला लाल, कंट्री संगीताला हिरवा, मुलांच्या गाण्यांना पिवळा, आणि कृष्णवर्णीय कलाकारांच्या रिदम अँड ब्लूजला केशरी झाक असलेला लाल. काही वर्षांतच हा खर्चिक प्रकार बंद पडला आणि तबकड्या काळ्या झाल्या. त्या केशरी-लाल मालिकेत १९४९ साली आर्थर क्रुडप या ब्लूज गायकाचे, त्याने १९४६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले 'दॅट्स ऑल राइट' हे गाणे पुन्हा निघाले. पाच वर्षांनी, १९५४ च्या जुलैमध्ये, मेम्फिसमधल्या सॅम फिलिप्स यांच्या छोट्या स्टुडिओत एल्विस प्रेस्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने तेच गाणे आपल्या ढंगात गायले. फिलिप्स यांच्याच सन कंपनीची २०९ क्रमांकाची ती रेकॉर्ड म्हणजे एल्विसची पहिली सिंगल. तिच्या एका बाजूला कृष्णवर्णीय गायकाचे ब्लूज आहे, तर दुसऱ्या बाजूला बिल मन्रो यांचे 'ब्लू मून ऑफ केंटकी' हे गोऱ्या ग्रामीण परंपरेतले, मुळात वॉल्ट्झच्या संथ लयीतले गाणे वेगवान करून गायलेले आहे. आरसीएने दोन वेगळ्या रंगांत विभागलेले संगीत सनच्या या काळ्या तबकडीच्या दोन बाजूंवर एकत्र आले. रॉक अँड रोलचा उगम समजावून सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत, परंतु ही एक तबकडी उलटसुलट करून पाहिली तरी तो बराचसा समजतो.

एल्विसच्या लेबलवर क्रुडपचे नाव छापलेले आहे. तरीही मानधनाचा न्याय्य हिस्सा त्याच्या हाती आला नाही आणि त्यासाठी झगडतच १९७४ साली तो वारला. नाव छापलेले असणे आणि पैसे पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संग्राहकाला लवकर कळते.

काही वेळा तर नावच नसते. दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये गॅलो कंपनीसाठी 'म्बुबे' हे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याच्या वरच्या पट्टीतल्या, जवळजवळ जागच्या जागी सुचलेल्या एका छोट्याशा आलापातून पुढे जगभर गायली गेलेली चाल घडली. या गाण्याचे हक्क त्याने दहा शिलिंगांना विकले. १९६१ साली द टोकन्स या अमेरिकी गटाने त्याच चालीवर नवे शब्द घालून 'द लायन स्लीप्स टुनाइट' काढले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्या सिंगलच्या कंसात लिंडाचे नाव नव्हते. पुढच्याच वर्षी तो जवळजवळ निर्धन अवस्थेत वारला. त्याच्या मुलींना काही भरपाई मिळण्याचा मार्ग मोकळा व्हायला २००६ साल उजाडले. आनंदी, गुणगुणण्याजोगे हे गाणे आजही लहान मुले गातात आणि त्यांनी ते जरूर गावे, पण ज्याच्याजवळ ती जुनी तबकडी आहे त्याने कंसातली नावे वाचताना कोणते नाव तिथे नाही हेही पाहावे.

[दृश्य: फिरणारी तबकडी, खाचेतून सरकणारी सुई.]

लेबलवरच्या कालावधीच्या आकड्यालाही इतिहास आहे. सिंगलवर गाणे सुमारे तीन मिनिटांचे असावे हा संकेत ७८ च्या जमान्यातून आला होता. तेव्हा दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण तेवढेच मावत असे. ४५ च्या तबकडीवर त्याहून अधिक मावते, पण त्याची किंमत मोजावी लागते. आवाज जितका मोठा, तितकी खाच जास्त डोलते आणि तिला जास्त जागा लागते. गाणे लांबले की खाचा एकमेकींजवळ आणाव्या लागतात आणि आवाज उतरवावा लागतो. ज्यूकबॉक्समध्ये किंवा मोटारीतल्या रेडिओवर असे मंद गाणे शेजारच्या दणदणीत गाण्यापुढे फिके पडते. त्यात रेडिओ केंद्रांना दोन जाहिरातींमध्ये बसणारी छोटी गाणीच हवी असत. म्हणून संगीतकार तीन मिनिटांत सुरुवात, कडवी, धृपद आणि शेवट बसवायला शिकले, आणि पॉप गाण्याचा बांधीव आकार घडण्यात या अडचणीचा वाटा फार मोठा आहे.

ही चौकट मोडण्याच्या युक्त्या लेबलवरच सापडतात. फिल स्पेक्टर यांनी १९६४ साली निर्मिती केलेल्या राइचस ब्रदर्सच्या 'यूव्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिंग' या सिंगलवर ३:०५ असा वेळ छापला आहे. प्रत्यक्षात ते पावणेचार मिनिटांच्या आसपास चालते. चार मिनिटांकडे झुकणारे गाणे रेडिओवाले बाजूला ठेवतील, ही भीती त्या आकड्यामागे होती. बॉब डिलनचे १९६५ चे 'लाइक अ रोलिंग स्टोन' तर सहा मिनिटांहून मोठे होते. कंपनीतल्या विक्री विभागाला ते नको होते, आणि रेडिओ केंद्रांना पाठवलेल्या काही प्रतींवर ते दोन तुकडे करून दोन बाजूंवर घातलेले होते. श्रोत्यांनी मात्र संपूर्ण गाणे मागितले आणि ते अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. तीन वर्षांनी बीटल्सचे 'हे ज्यूड' सात मिनिटांहून अधिक लांबीचे निघाले, तेव्हा वेळ लपवण्याची गरज कोणालाच वाटली नाही.

आता तबकडी उलटू या.

मागची बाजू ही पुष्कळदा भरतीची असे. कंपनीने पुढच्या बाजूवर भरवसा टाकलेला असे आणि मागे काहीतरी वाजणारे हवे म्हणून दुसरे गाणे घातलेले असे. बिल हेली यांचे 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४ साली असेच मागच्या बाजूवर निघाले. पुढच्या बाजूला 'थर्टीन विमेन' हे गाणे होते, जे आज संग्राहकांखेरीज फारसे कोणाला आठवत नाही. पुढच्या वर्षी 'ब्लॅकबोर्ड जंगल' या चित्रपटाच्या सुरुवातीला ते वाजले आणि मागची बाजू जगभर पुढे आली. ग्लोरिया गेनर यांचे 'आय विल सर्व्हाइव्ह' हेसुद्धा १९७८ मध्ये 'सबस्टिट्यूट' नावाच्या गाण्याच्या मागे होते. डिस्कोमधल्या डीजेंनी रेकॉर्ड उलटून वाजवली, नाचणाऱ्यांनी पसंतीची पावती दिली, आणि मग कंपनीलाही बाजू बदलणे भाग पडले. या दोन्ही गाण्यांच्या अगदी पहिल्या प्रती जवळ असणे म्हणजे जाणकारांचा अंदाज चुकल्याचा छापील दाखला जवळ असणे होय.

मागच्या बाजूचे एक आर्थिक अंगही आहे. विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे मागच्या गाण्याच्या रचनाकाराला पुढच्या गाण्याच्या रचनाकाराइतकाच मोबदला मिळत असे. १९७५ साली क्वीनच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'मागे ड्रमवादक रॉजर टेलर यांचे, मोटारीवरच्या प्रेमाचे एक गाणे होते. पुढचे गाणे लाखोंनी खपले आणि मागच्या गाण्याच्या रचनाकाराच्या खात्यातही तितकीच रक्कम पडली. मागे कोणाचे गाणे जाणार, यावरून गटांमध्ये वाद का होत, हे यावरून समजते.

[दृश्य: दिव्याखाली तिरकी धरलेली तबकडी. बोटे फक्त कडेला आणि लेबलला टेकलेली.]

लेबल वाचून झाले की तबकडी कडेने धरून एकाच दिव्याखाली तिरकी करावी. खाचांच्या उतारावर प्रकाश सरकू लागला की केसासारखे ओरखडे दिसतात. जड सुईने वारंवार वाजवलेल्या रेकॉर्डवर करडी झाक चढलेली असते आणि ती कोणत्याही धुण्याने जात नाही. त्यानंतर भोकाभोवतीचा कागद पाहावा. यंत्राच्या खुंटीवर तबकडी बसवताना जरा चुकले की लेबलवर बारीक चकचकीत रेघ उमटते. अशा रेघांचे जाळे दिसले, तर पृष्ठभाग कितीही चमकत असला तरी ती तबकडी पुष्कळ वाजलेली आहे. कित्येकदा लेबलवर जुन्या मालकाने बॉलपेनने आपले नाव लिहिलेले असते. बाजारात त्यामुळे किंमत उतरते. आमच्या मते उतरू नये, कारण ती रेकॉर्ड कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी मेजवानीत खरोखर वाजल्याची ती खूण आहे.

शेवटी खाच संपते तिथली लेबलभोवतीची मोकळी पट्टी पाहावी. रेकॉर्ड छापण्याआधी अॅल्युमिनियमच्या चकतीवरच्या मऊ थरात खाच कोरली जाते आणि तिच्यापासून धातूचे साचे तयार होतात. कोरणारा तंत्रज्ञ या मोकळ्या पट्टीत क्रमांक घालतो. ही प्रत पहिल्या साच्याची की नंतरच्या, हे त्यावरून उलगडते. काही तंत्रज्ञ तिथे हाताने आपली सही करत. इंग्लंडमधल्या जॉर्ज पेकम यांचे टोपणनाव पॉर्की होते आणि त्यांनी कोरलेल्या कित्येक रेकॉर्डवर 'अ पॉर्की प्राइम कट' ही ओळ सापडते. ती अक्षरे काही मिलिमीटर उंचीची असतात आणि योग्य कोनात प्रकाश पडल्याशिवाय दिसत नाहीत.

दुर्मीळतेबद्दलही बोलले पाहिजे, कारण वर्तमानपत्रांत तेवढेच येते. सेक्स पिस्टल्स या पंक गटाने १९७७ च्या मार्चमध्ये लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यासमोर ए अँड एम कंपनीशी करारावर सह्या केल्या. आठवडाभरातच कंपनीने करार मोडला आणि 'गॉड सेव्ह द क्वीन'च्या तयार झालेल्या हजारो प्रती नष्ट करवल्या. ज्या थोड्या वाचल्या त्यांना आज हजारो पौंड मोजले जातात. मे महिन्यात व्हर्जिन कंपनीने काढलेली तीच सिंगल सहज मिळते. दोन्हींच्या मागच्या बाजूंवर मात्र वेगवेगळी गाणी आहेत. फ्रँक विल्सन यांच्या 'डू आय लव्ह यू'ची कथा शांत आहे. मोटाउन कंपनीसाठी त्यांनी १९६५ मध्ये ते गायले, पण पुढे गायनाऐवजी निर्मितीकडे वळायचे ठरल्यावर सिंगल बाजारात आलीच नाही आणि नमुन्याच्या प्रती नष्ट झाल्या. उरलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रतींपैकी एक २००९ साली पंचवीस हजार पौंडांहून अधिक किमतीला गेली. उत्तर इंग्लंडमधल्या नृत्यगृहांत रात्र रात्र जागणाऱ्या शौकिनांनी ते गाणे उचलून धरले नसते, तर एकाही प्रतीला कोणी विचारले नसते. किंमत नष्ट झालेल्या प्रतींमुळे वाढली, पण गाणे टिकले ते नाचणाऱ्यांमुळे, आणि संग्राहकाने यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची मानावी असा आमचा आग्रह आहे.

[दृश्य: पार्लोफोन कंपनीचे लाल लेबल.]

हा सगळा अभ्यास कशासाठी, याचे सर्वांत चांगले उत्तर बीटल्सच्या पहिल्या सिंगलमध्ये आहे. 'लव्ह मी डू' त्यांनी ४ सप्टेंबर १९६२ रोजी लंडनच्या अॅबी रोडवरील स्टुडिओत ध्वनिमुद्रित केले. ड्रमवर रिंगो स्टार होते. निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे ड्रमवादनाने समाधान झाले नाही, म्हणून ११ सप्टेंबरला अँडी व्हाइट या व्यावसायिक वादकाला बोलावून गाणे पुन्हा करण्यात आले आणि रिंगो यांच्या हाती खंजिरी देण्यात आली. ५ ऑक्टोबरला सिंगल निघाली ती रिंगो यांच्या ड्रमवादनाची. पुढच्या वर्षीच्या अल्बमवर मात्र व्हाइट यांचे वादन आले, आणि नंतर सिंगलच्या नव्या प्रतींवरही तेच घालण्यात आले. रिंगो यांच्या ड्रमवादनाची मूळ मास्टर टेप पुढे उरली नाही. म्हणून अनेक वर्षांनी ही आवृत्ती संकलनात घ्यायची वेळ आली, तेव्हा १९६२ च्या जुन्या, चांगल्या राखलेल्या सात इंची तबकडीवरूनच ध्वनी उतरवून घ्यावा लागला. आज ही आवृत्ती ऐकणारे लोक एका वाजवलेल्या, जपलेल्या सिंगलचाच आवाज ऐकत असतात. आपल्यापुढची आवृत्ती कोणती, हे ओळखायला लेबलचीही गरज नाही. खंजिरी वाजत असेल तर ड्रमवर अँडी व्हाइट आहेत, आणि ती नसेल तर रिंगो.